वाकळेचा सुटलेला टाका

तीन वर्षं झाली त्याला. श्रावणातली दुपार होती, बेळगावात पावसाची झड लागली होती. दारात दोघी उभ्या. निपाणीकडच्या एका खेड्यातली पन्नाशीची बाई आणि तिची सून. सुनेच्या हातात उशी आणि उशीवर दीड महिन्याची मुलगी. बाळ छातीशी न धरता उशीवर का घेतलंय, हे मी विचारायच्या आधीच सासूबाई म्हणाल्या, "अक्का, हात लावला की फोड येतोय बगा. धरायचं कसं, तेच कळंना झालंय."

मी परिचारिका म्हणून तीस वर्षं नोकरी केली. निवृत्त झाल्यापासून ओळखीपाळखीची माणसं दवाखान्याचे कागद घेऊन येतात. डॉक्टरांचं काम मी करत नाही. डॉक्टर काय म्हणाले ते घरच्या भाषेत सांगते, कधी मराठीत, कधी कन्नडमध्ये, बहुतेक वेळा दोन्हींची मिसळ करून. त्या दिवशीही तसंच झालं. सून चिकोडीकडे वाढलेली, तिच्या तोंडी कन्नड जास्त. ती एवढंच म्हणत होती, "मुट्टबेड्री अक्का, मुट्टबेड्री." हात लावू नका.

बाळाच्या डाव्या पायावर जन्मतःच घोट्यापासून खाली कातडी नव्हती. घरी आणल्यावर रीतीप्रमाणे न्हाऊ घालणारी बाई आली. तिने तेल लावून, पाय ओढून, पीठ लावून बाळाला चोळलं आणि पाठीची कातडी तिच्या हातात आली. बाराव्या दिवशी कमरेला करदोटा बांधला, ज्याला आपल्यातली निम्मी घरं उडदार म्हणतात. दुसऱ्या दिवशी कमरेभोवती फोडांची माळ. पुढे एका दवाखान्यात सलाईनची सुई हलू नये म्हणून चिकटपट्टी लावली. ती काढताना मनगटाची साल निघाली. पट्टी लावणाऱ्यालाही असला आजार पूर्वी दिसला नसावा. एकाने देवीचा कोप सांगितला, एकाने नागदोष. शेजारणी म्हणाल्या, आईने ग्रहण पाळलं नसेल. सगळ्यांचं बोट फिरून फिरून त्या पोरीकडेच वळत होतं.

कोल्हापूरच्या एका त्वचारोगतज्ज्ञांनी कातडीचा छोटा तुकडा तपासायला पाठवला होता. त्याचा कागद माझ्या हातात आला. त्यावर लिहिलं होतं, डिस्ट्रॉफिक एपिडर्मोलायसिस बुलोसा. डॉक्टर आणि पालक त्याला थोडक्यात ईबी म्हणतात.

टाका कुठे सुटतो?

आपल्या घरोघरी वाकळ असते. कन्नड घरात तिला कौदी म्हणतात. जुनी लुगडी एकावर एक ठेवून आजी धावदोरा घालते म्हणून वरचा थर आणि खालचा थर एकत्र राहतात. तो दोरा कुजला तर वाकळ फाटत नाही, पण हाताने जरा ओढली की वरचं कापड सरकतं आणि मध्ये पोकळी होते.

आपली कातडीही दोन थरांची असते. वरचा पातळ थर खालच्या जाड थराला ज्या बारीक धाग्यांनी शिवलेला असतो, ते धागे कोलॅजेन सात नावाच्या प्रथिनाचे असतात. हे प्रथिन कसं करायचं याची कृती तिसऱ्या क्रमांकाच्या गुणसूत्रावरच्या एका जनुकात लिहिलेली असते. ती कृतीच चुकीची असेल तर प्रथिन तयार होत नाही किंवा फार कमी होतं. मग थोडं घासलं, दाबलं, ओढलं की थर सुटतात, मध्ये पाणी भरतं, फोड येतो. तोंडाच्या आत आणि अन्ननलिकेतही असंच होतं. पूर्वीच्या फोडांच्या जागी वण पडत जातात.

ईबीचे आणखी प्रकार आहेत. काहींत केराटिन किंवा लॅमिनिन ही वेगळी प्रथिनं कमी किंवा सदोष असतात. काही प्रकार सौम्य असतात, फक्त तळहात-तळपायाला फोड येतात. या आजाराला एपिडर्मोलायसिस बुलोसा हे नाव जर्मनीतल्या कोबनर या डॉक्टरांनी १८८६ मध्ये दिलं. अमेरिकेतल्या नोंदींप्रमाणे दहा लाख जन्मांमागे साधारण वीस बाळांना कुठल्या ना कुठल्या प्रकारचा ईबी असतो. म्हणजे दुर्मिळ आहे, पण आपल्या जिल्ह्यात कुणालाच नसेल इतका दुर्मिळ नाही.

सर्वांत आधी त्या दोघींना सांगितलं, हा आजार लागट नाही. बाळाला मांडीवर घेतल्याने कुणाला काही होणार नाही. सून तेव्हा पहिल्यांदा रडली.

घरी काय करावं?

मुळापासून बरं करणारं औषध आज साध्या घराच्या हाताशी नाही. पण जखमेची निगा नीट राखली तर पोर वाढतं, शाळेत जातं. ही निगा घरातली माणसंच करतात. डॉक्टरांनी सांगितलेल्या आणि मी वॉर्डात पाहिलेल्या गोष्टी इथे देते.

बाळाला काखेत हात घालून उचलू नये. एक हात कुल्ल्याखाली, एक मानेमागे, किंवा मऊ दुपट्यासकट उचलावं. करदोटा, वाळे, काळा दोरा, कान टोचणं, जोराची मालिश हे सगळं बंद. नजर लागू नये म्हणून काही करायचंच असेल तर पाळण्याला बांधा, बाळाला नको. कपडे जुने, मऊ, सुती असावेत आणि शिवण बाहेर यावी म्हणून उलटे घालावेत. लंगोटाच्या कडेला मऊ कापड ठेवावं.

फोड आला तर तो आपोआप जिरेल म्हणून वाट पाहू नये. साधा फोड एका जागी थांबतो, ईबीचा फोड आतल्या पाण्याच्या दाबाने पसरत जातो. हात साबणाने धुऊन, निर्जंतुक केलेल्या नव्या सुईने फोडाच्या सर्वांत खालच्या बाजूला भोक पाडावं आणि मऊ कापडाने हलकं दाबून पाणी काढावं. वरची साल कापू नये, तीच नैसर्गिक पट्टी आहे. हे पहिल्यांदा दवाखान्यात नर्सकडून शिकून घ्यावं.

जखमेवर चिकटपट्टी कधीही नको. आधी न चिकटणारा थर, म्हणजे व्हॅसलिनची जाळी किंवा सिलिकॉनची पट्टी, त्यावर मऊ कापसाची घडी आणि वरून गुंडाळपट्टी. दवाखान्यात गेलात तर सुई लावायच्या आधीच सांगा, "याला चिकटपट्टी चालत नाही." कागदावर मराठीत आणि कन्नडमध्ये लिहून पिशवीत ठेवा. आई नेहमी बरोबर असेलच असं नाही.

पट्टी चिकटली तर ओढू नये, कोमट पाण्यात भिजवून सोडवावी. आंघोळीच्या पाण्यात मीठ घातलं तर झोंबत नाही. दहा लिटरच्या बादलीला नव्वद ग्रॅम मीठ, म्हणजे आपल्या अंगातल्या पाण्याइतकंच खारट. डॉक्टरांनी दुखण्याचं औषध दिलं असेल तर ते पट्टी बदलण्याच्या अर्धा तास आधी द्यावं. रोज एका वेळी सगळं अंग उघडं करण्यापेक्षा एकेका भागाची पट्टी बदलावी.

जखमेवर राख, शेण, चुना, हळदीचा जाड लेप काही लावू नये. आपल्या निपाणी भागात कापलं की तंबाखूची भुकटी दाबायची सवय जुनी आहे. उघड्या कातडीतून तंबाखूतलं निकोटिन अंगात भिनतं. तान्ह्या बाळाच्या बाबतीत तर हा जिवाशी खेळ आहे.

केळीच्या पानाची गोष्ट

या महागड्या पट्ट्या दर महिन्याला आणायच्या कुठून, हा प्रश्न त्या घरापुढे होता. ऊसतोडीच्या आणि बिडीच्या कमाईत सिलिकॉनच्या पट्ट्या बसत नाहीत.

इथे मला मुंबईच्या शीव रुग्णालयाची आठवण झाली. तिथे भाजलेल्या रुग्णांवर उपचार करणाऱ्या डॉ. माधुरी गोरे यांनी केळीच्या पानाची पट्टी वापरात आणली. पान कापडाच्या पट्टीवर चिकटवायचं, गुंडाळायचं आणि दवाखान्याच्या वाफेच्या यंत्रात निर्जंतुक करायचं. त्याआधी मुंबईच्याच वाडिया बालरुग्णालयात डॉ. केसवानी यांनी बटाट्याच्या सालीची पट्टी केली होती. डॉ. गोरे आणि त्यांच्या सहकाऱ्याने दोन्ही पट्ट्या ताडून पाहिल्या आणि २००३ मध्ये निष्कर्ष छापले. जखम भरण्यात दोन्ही सारख्या, दोन्ही जखमेला चिकटत नाहीत, पण केळीची पट्टी अकरा पट स्वस्त. पानाला वरून जो मेणचट तकतकीतपणा असतो, त्याचा हा गुण.

तो अभ्यास भाजलेल्या जखमांचा होता, ईबीचा नव्हे. पण कातडी सुटणाऱ्या इतर आजारांतही आपल्या देशातल्या त्वचारोग वॉर्डांत रुग्णाला केळीच्या पानावर झोपवतात. ज्या बाळे एलेवर आपण सणाला जेवतो तेच पान. एक खबरदारी मात्र हवी. झोपायला घालायचं पान स्वच्छ धुतलेलं, कोवळं, शिरेचा जाड दांडा काढलेलं असावं. उघड्या जखमेवर मात्र निर्जंतुक केलेलंच लागतं, ते दवाखान्याच्या सल्ल्यानेच. परसातलं पान तोडून थेट जखमेवर ठेवू नये.

आमच्या सासूबाईंच्या परसात केळीची चार बेटं होती. त्या दिवसापासून रोज एक पान पोरीच्या अंथरुणावर आलं. चादरीला चिकटून सकाळी जी साल निघायची, ती निघायची थांबली.

कातडीपलीकडे

जखमांतून अंगातलं प्रथिन, रक्त आणि लोह झिरपत राहतं. म्हणून या मुलांना इतर मुलांपेक्षा जास्त खायला लागतं, आणि नेमकं त्यांचंच तोंड आणि घसा सोललेला असतो. गरम, तिखट, कुरकुरीत काही नको. नाचणीची गार आंबील, दुधात कुस्करलेला मऊ भात, घट्ट वरण, अंड्याचा मऊ बलक, केळं. रक्त कमी असणं आणि शौचाला घट्ट होणं या दोन तक्रारी जवळजवळ ठरलेल्या, त्यांवर औषध घ्यावं. घास अडकायला लागला तर अन्ननलिका रुंद करण्याची प्रक्रिया करता येते.

हाताची बोटं वणांमुळे एकमेकांना चिकटत जातात आणि शेवटी मूठ मिटते. म्हणून लहानपणापासून प्रत्येक बोट वेगळं गुंडाळावं. शस्त्रक्रियेने बोटं सोडवता येतात, पण पुन्हा चिकटण्याची शक्यता राहते.

आणि एक गोष्ट कुणी सांगत नाही म्हणून इथे सांगते. या आजाराच्या तीव्र प्रकारात तरुणपणीच कातडीचा कर्करोग होऊ शकतो. दहाव्या वर्षापासून दर तीन ते सहा महिन्यांनी सगळं अंग त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावं. जी जखम आठवडे न् आठवडे भरत नाही, कडेने जाड होते, वेगळीच दुखते, तिचा तुकडा तपासून घ्यावा. वेळेत कापून काढली तर वर्षं हाती लागतात.

नवी औषधं

इंग्लंडमध्ये फिलिस हिल्टन यांची मुलगी डेब्रा हिला हाच आजार होता. त्या आईने १९७८ मध्ये पालकांची संघटना काढली, तीच आज डेब्रा या नावाने अनेक देशांत आहे. तेव्हा उपचार म्हणजे फक्त पट्ट्या होत्या.

२०१५ मध्ये जर्मनीतल्या बोखुम इथे सात वर्षांच्या एका निर्वासित मुलाची जवळजवळ ऐंशी टक्के कातडी बदलली. इटलीतल्या मोडेना इथल्या डॉ. मिकेले दे लुका यांच्या प्रयोगशाळेत त्याच्याच कातडीच्या पेशी घेऊन, त्यांतलं जनुक दुरुस्त करून नवी कातडी वाढवली होती. त्याचा ईबी दुसऱ्या प्रथिनाचा होता. कोलॅजेन सातच्या कमतरतेसाठी २०२३ च्या मे महिन्यात अमेरिकेने एका मलमाला मान्यता दिली. त्यात निरुपद्रवी केलेला विषाणू योग्य जनुक जखमेपर्यंत नेतो. जखम भरते, पण मलम पुन्हा पुन्हा लावावं लागतं आणि वर्षाचा खर्च लाखो डॉलरांत जातो. बर्च झाडाच्या सालीपासून केलेल्या मलमाला युरोपात २०२२ मध्ये मान्यता मिळाली. २०२५ मध्ये अमेरिकेत दुरुस्त जनुकाच्या कातडीच्या चकत्यांनाही मान्यता मिळाली.

हे सांगायचं कारण दुहेरी आहे. विज्ञान हात बांधून बसलेलं नाही, हे कळावं. आणि कुणी "मुळासकट बरं करतो, एवढे लाख द्या" म्हणाला तर त्याला शेत विकून पैसे देऊ नयेत, हेही कळावं. केंद्र सरकारने २०२१ मध्ये दुर्मिळ आजारांचं राष्ट्रीय धोरण जाहीर केलं. त्याखालच्या केंद्रांपैकी आपल्याला सोयीची दोन, मुंबईचं केईएम रुग्णालय आणि बेंगळुरूचं सेंटर फॉर ह्युमन जेनेटिक्स. प्रत्येक आजार त्या यादीत बसतोच असं नाही, पण जनुकांचा सल्ला मिळतो. सुरुवात मात्र जवळच्या त्वचारोग विभागातूनच करावी.

माझ्याच घरचं की

आता अवघड गोष्ट. ती सून त्या बाईच्या सख्ख्या भावाची मुलगी. म्हणजे मुलाने मामाची पोरगी केलेली. आपल्याकडे यात कुणाला नवल नाही. मराठीत जुन्या बायका सासूला आत्याबाई आणि सासऱ्याला मामंजी म्हणतात. कन्नडमध्ये सोसे म्हणजे सूनही आणि भाचीही. कन्नड घरांत अक्कन मगळु, म्हणजे बहिणीची मुलगीही करतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत नात्यात लग्न झालेल्या स्त्रियांचं प्रमाण देशात सुमारे अकरा टक्के होतं, तर कर्नाटकात सत्तावीस.

प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईची, एक वडिलांची. या मुलीच्या प्रकारात एक प्रत चांगली असली तर माणूस ठणठणीत असतो. दोन्ही प्रती बिघडलेल्या असल्या तरच आजार होतो. आई आणि वडील दोघंही एकेक बिघडलेली प्रत बाळगून असतील, तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक वेळा असं बाळ होण्याची शक्यता असते. सख्ख्या आते-मामे भावंडांत सरासरी आठवा हिस्सा जनुकं सारखी असतात, म्हणून तीच बिघडलेली प्रत दोघांकडे असण्याचा संभव वाढतो. तरी घाबरून जायचं कारण नाही. कुठल्याही जोडप्याच्या बाळात जन्मजात दोष असण्याची शक्यता दोन-तीन टक्के असते, इतक्या जवळच्या नात्यात तिच्यात आणखी दोन-तीन टक्क्यांची भर पडते. बहुतेक पोरं चांगलीच निपजतात.

हे सगळं मी पाटीवर रेघा काढून सांगत होते. वर आजा-आजी, खाली बहीण आणि भाऊ, त्यांच्याखाली मुलगा आणि सून. सासूबाईंनी बराच वेळ पाटीकडे बघितलं. मग हळू आवाजात म्हणाल्या, "म्हंजे हे माझ्या म्हायेरचंच की ओ अक्का. माझ्याकडनं पोराला, भावाकडनं हिला."

मी म्हटलं, बरोबर. पण यात कुणाचा गुन्हा नाही. तुमच्या आई-वडलांनाही ठाऊक नव्हतं. दीड महिना जी बोटं सुनेकडे वळत होती, ती त्या क्षणी खाली आली. सासूबाई उठल्या, सुनेच्या हातातली उशी आपल्या मांडीवर घेतली आणि तिला म्हणाल्या, "तू जरा पड ग. हेदरब्याड."

पुढे बेंगळुरूला जाऊन रक्त तपासलं. दोघांतही एकेक बिघडलेली प्रत निघाली. आता दुसऱ्या बाळाचा विचार चालू आहे. कुटुंबातली नेमकी चूक ठाऊक असेल तर अकराव्या-बाराव्या आठवड्याच्या सुमारास वारेचा अंश तपासून बाळाला आजार आहे का हे कळू शकतं. गर्भलिंग तपासायला कायद्याने बंदी आहे, जनुकीय आजार तपासायला नोंदणी असलेल्या केंद्रात परवानगी आहे. घ्यायचा तो निर्णय त्या दोघांचा. सासूबाईंनी एवढंच ठरवलंय की धाकट्या मुलाचं लग्न भाच्यांपैकी कुणाशी ठरलंच तर आधी दोघांचं रक्त तपासायचं. भावाशी त्यावरून दोन महिने अबोला होता, तो यंदा दिवाळीत सुटला.

मुलगी आता तीन वर्षांची झाली. अंगणवाडीत जाते, हातापायांना पट्ट्या असतात. पट्टी बदलायला रोज दीड तास लागतो, तेव्हा ती अजूनही रडते. बाईंनी बाकीच्या पोरांना सांगून ठेवलंय, हिला ओढायचं नाही, ढकलायचं नाही, खेळायचं मात्र हिच्याबरोबरच. गेल्या महिन्यात मी गेले तेव्हा ती केळीच्या पानावर बसून आंबील पीत होती. मी पुढे झाले तशी तिने आपणच हात वर केले आणि मला बजावलं, "काखेत न्हाई. खालनं उचल."

आपल्या वाचकांपैकी कुणाच्या घरी, भावकीत असं फोड येणारं मूल असेल तर त्याला लपवून ठेवू नका. त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. आणि त्याच्या आईला कुणी बोल लावत असेल तर त्यांना पाटीवरच्या त्या रेघा काढून दाखवा.